सुडासाठी जन्माला घातलेला मुलगा

खून अजून व्हायचा आहे. बाल्डर धडधाकट आहे, फक्त रात्री त्याला वाईट स्वप्नं पडतायत. एवढ्यावरून त्याचा बाप ओडिन, देवांचा राजा, आठ पायांच्या घोड्यावर खोगीर चढवतो आणि थेट मेलेल्यांच्या मुलखात जाऊन पोचतो. तिथे पूर्वेकडच्या दाराजवळ एका भविष्यवेत्तीची कबर आहे. तो मंत्र म्हणून तिला उठवतो. इतकी वर्षं बर्फाखाली, पावसाखाली निवांत पडलेली ती बाई कुरकुरतच उठते. ओडिन आपलं खरं नाव सांगत नाही. तो विचारतो, हे सजवलेले बाक, हे तयार ठेवलेलं मद्य कोणासाठी? बाल्डरसाठी. त्याला मारणार कोण? होड. आणि सूड कोण घेणार?

ती म्हणते, पश्चिमेच्या महालात रिंड नावाची स्त्री एका मुलाला जन्म देईल. त्याचं नाव वाली. एका रात्रीचा असतानाच तो लढेल. होडला चितेवर पोचवेपर्यंत तो हात धुणार नाही, केस विंचरणार नाही.

हा संवाद एका जुन्या नॉर्स कवितेत आहे, आणि त्यातला प्रश्नांचा क्रम पाहून मी दर वेळी थबकतो. मुलाचा खून होणार हे कळल्यावर बाप काय विचारेल? हे टाळायचं कसं, असंच ना? ओडिन ते विचारतच नाही. त्याला हवा आहे सूड घेणाऱ्याचा पत्ता. तोही अशा मुलाचा, जो अजून पोटात नाही आणि ज्याच्या आईची आणि ओडिनची गाठही पडलेली नाही.

(किष्किंधेच्या वालीशी या वालीचा काही संबंध नाही. नावं जुळतात, गोष्ट तिथेच संपते.)

उत्तरेकडच्या या देवमंडळात सुडाचं वेगळं खातं कोणाकडे नाही. ग्रीकांकडे त्यासाठी एरिनीज आहेत, अपराध्याच्या मागे हात धुऊन लागणाऱ्या. नॉर्स कथांत तसं काही सापडत नाही. पण आइसलँडचा सरदार, कायदेपंडित आणि लेखक स्नॉरी स्टुर्लुसन याने १२२० च्या सुमारास कवींसाठी देवांच्या पर्यायी नावांची जंत्री केली, तेव्हा दोघांच्या नावापुढे त्याने सूड हीच ओळख लिहिली. वाली हा बाल्डरचा सूड घेणारा, आणि विदार हा देवांचा सूड घेणारा. दोघेही ओडिनचे मुलगे, दोघांच्या आया वेगळ्या. आणि दोघांच्याही चरित्रात एकच मोठं काम. त्याआधी आणि त्यानंतर जवळपास कोरं पान.

आता तो खून. बाल्डरची आई फ्रिग हिने आग, पाणी, लोखंड, दगड, झाडं, रोग, जनावरं अशा सगळ्यांकडून शपथा घेतल्या, की कोणी माझ्या मुलाला इजा करणार नाही. मग देवांना खेळच सापडला. बाल्डरला मध्ये उभं करायचं, कोणी बाण मारायचा, कोणी दगड फेकायचा, आणि त्याला काहीच होत नाही म्हणून हसायचं. देवांतच वावरणाऱ्या कपटी लोकीने वेष पालटून फ्रिगकडून काढून घेतलं की ओडिनच्या वल्हाल्ला या महालाच्या पश्चिमेला वाढणाऱ्या मिसलटोच्या रोपट्याची शपथ राहिली आहे. का राहिली? तर ते शपथ घ्यायला फार लहान वाटलं म्हणून. मिसलटो हे आपल्या आंब्यावर वाढणाऱ्या बांडगुळाच्याच जातकुळीतलं. लोकीने ते उपटलं, आंधळ्या होडच्या हातात दिलं, नेम धरून दिला. बाल्डर जागीच कोसळला.

यानंतर स्नॉरी जे लिहितो ते एखाद्या वकिलाने लिहावं तसं आहे. हे कोणी केलं याबद्दल सगळ्या देवांच्या मनात एकच विचार होता, पण सूड कोणालाच घेता येईना, कारण ती जागा अभयाची होती. तिथे शस्त्र उगारायला मनाई. देव एकमेकांकडे बघत राहिले, आणि बोलायला गेले तर आधी रडूच फुटत होतं.

अभयाची जागा ही झाली वरवरची अडचण. खरी अडचण खोल आहे आणि ती समजायला आइसलँडचा कायदा उघडावा लागतो. ९३० मध्ये तिथे आल्थिंग ही सर्वांची सभा सुरू झाली. कायदे होते, न्यायाधीश होते, पण राजा नव्हता आणि शिपाईही नव्हते. निकाल लागला तरी तो अमलात आणायचा ज्याचा त्याने. माणूस मारला गेला तर त्याच्या घरच्यांपुढे दोन वाटा: रक्ताला रक्त, किंवा भरपाई. भरपाईचा हिशेब इतका बारीक होता की त्यांच्या जुन्या कायदेसंग्रहात त्यासाठी एक स्वतंत्र प्रकरणच आहे. ते भरपाई मोजतं वळ्यांत, म्हणजे चांदीच्या ठरावीक रकमांत. सर्वांत मोठं वळं तीन मार्कांचं, आणि एक मार्क म्हणजे दोनशे ग्रॅमहून थोडी जास्त चांदी. हे पहिलं वळं मारणाऱ्याचा बाप, मुलगा आणि भाऊ यांनी द्यायचं आणि मेलेल्याचा बाप, मुलगा आणि भाऊ यांनी घ्यायचं. पुढची वळी लांबच्या नातेवाइकांसाठी, पार चुलत-चुलत घरांपर्यंत.

हे कलम बाल्डरच्या खुनाला लावून बघा. घेणारा कोण? मेलेल्याचा बाप, म्हणजे ओडिन. देणारा कोण? मारणाऱ्याचा बाप. होडही ओडिनचाच मुलगा. तेव्हा देणाराही ओडिन. या हाताची चांदी त्या हातात. आणि चांदी नको, रक्त हवं म्हटलं, तर बापाने उरलेल्या मुलाला मारायचं. सगळी व्यवस्था दोन घराण्यांच्या वैराला धरून बांधलेली. वैर एकाच घरात उभं राहिलं की तिचं कुठलंच चाक फिरत नाही.

ही कोंडी त्या काळच्या लोकांना फार छळत असावी, कारण ती इतरत्रही भेटते. बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी महाकाव्यात हॅथकिन या राजपुत्राचा बाण नेम चुकून त्याच्या थोरल्या भावाला, हेरेबाल्डला लागतो. भरपाई नाही, सूड नाही. म्हातारा राजा ह्रेथेल कुढून कुढून मरतो. दोन भाऊ, एक बाण, आणि मरणाऱ्याच्या नावाच्या शेवटी ‘बाल्ड’. अभ्यासकांना यात होड आणि बाल्डर दिसले नसते तरच नवल. दहाव्या शतकातला आइसलँडचा कवी एगिल याचा मुलगा समुद्रात बुडाला, तेव्हा त्याने रचलेल्या शोकगीतात दुःखाइतकाच हा जाच आहे: समुद्रावर तलवार चालवता आली असती तर हिशेब चुकता केला असता.

ह्रेथेल कुढून मेला, एगिलने कविता केली. ओडिनने तिसरीच वाट काढली. त्याने एक नवा माणूस तयार केला.

वालीबद्दल कवितांत अगदी मोजक्या ओळी आहेत, पण त्या मिसलटोच्या ओळींना लागूनच येतात. जवळ ठेवून वाचल्या की एक गंमत दिसते. मिसलटो वाढतो पश्चिमेला, वाली जन्मतो पश्चिमेच्या महालात. मिसलटो शपथ घ्यायला फार लहान, वाली काहीही करायला फार लहान. ज्या फटीतून खून आत शिरला, बरोबर त्याच फटीतून सूडही आत येतो. एका रात्रीच्या बाळाने कोणाला काही वचन दिलेलं नाही. रडणाऱ्या देवांत ते नव्हतं, आणि बाल्डरला तर त्याने पाहिलेलंही नाही. त्याला राग येण्याचं काही कारणच नाही. या गोष्टीतली मला सर्वांत थरारक वाटणारी जागा ही. सूड म्हटलं की आपण संताप धरून चालतो. वालीच्या सुडात संताप कुठून असणार?

तरीही कोंडी सुटली का? नाही. वाली ओडिनचाच मुलगा, म्हणजे होडचा सावत्र भाऊ. भावाने भावाला मारलं, त्याच्या सुडापायी पुन्हा भावाने भावाला मारलं. अमेरिकन अभ्यासक जॉन लिंडो यांनी बाल्डरच्या खुनावर १९९७ मध्ये पुस्तकच लिहिलं. त्यांच्या मते ही कथा म्हणजे सूड-भरपाईच्या व्यवस्थेला पडलेली भेग आहे. मला ते पटतं. देवांनी नियम पाळला आणि तो पाळताना एकाच्या जागी दोन मुलगे घालवले.

आणि रिंड? तिच्याबद्दल स्नॉरी गप्प बसतो. बोलतो तो डेन्मार्कचा सॅक्सो ग्रामॅटिकस, १२०० च्या आसपास लॅटिनमध्ये आपल्या देशाचा इतिहास लिहिणारा. पाद्र्यांच्या वर्तुळात वावरणारा हा माणूस जुन्या देवांना लबाड माणसं समजतो, त्यामुळे त्यांची लाज राखण्याची त्याला गरज वाटत नाही. त्याच्या कथेत रिंडा ही रुथेनियांच्या राजाची मुलगी. सूड घेणारा हिच्याच पोटी येईल असं भविष्य ऐकून ओडिन तिच्या बापाच्या दरबारी जातो. आधी सेनापती होऊन शत्रूला पळवून लावतो. तिच्याकडे चुंबन मागतो तर कानाखाली बसते. पुढच्या खेपेला सोनार-लोहार होऊन सुंदर कडी घडवतो; पुन्हा थप्पड. तिसऱ्यांदा घोडेस्वार होऊन येतो, ती ढकलून देते. मग तो मंत्र कोरलेली साल तिला लावून तिला वेड लावतो, बाईचा वेष घेऊन वैद्यीण म्हणून राजवाड्यात शिरतो, औषध फार कडू आहे तेव्हा हिला बांधून ठेवा असं सांगतो, आणि बांधलेल्या मुलीवर बलात्कार करतो. सॅक्सो ते गोड करून सांगत नाही. या कृत्यानंतर बाकीचे देवच ओडिनला हाकलून देतात आणि दहाएक वर्षं त्याच्या जागी दुसराच बसतो.

दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की वालीच्या त्या चमत्कारिक जन्माला जमीन मिळते. सुडाचा मुलगा हवा होता, तो कोणाच्या तरी शरीरातूनच यायचा होता. आइसलँडच्या कविता हा भाग एका नावात आटोपतात. पण दहाव्या शतकातला कोर्माक नावाचा कवी एका सरदाराची स्तुती करता करता मध्येच टाकून जातो की ओडिनने रिंडवर जादू केली. म्हणजे सॅक्सोने हे पदरचं घातलेलं नाही. सॅक्सोकडे वालीचं नाव बोउस. तो एका रात्रीत नाही, रीतसर मोठा होऊन लढतो, होडला मारतो आणि त्याच लढाईतल्या जखमेने दुसऱ्या दिवशी मरतो. काम झालं, माणूस संपला.

न विंचरलेल्या केसांशी तर आपली ओळख जुनी आहे. दुःशासनाच्या रक्ताशिवाय वेणी घालणार नाही म्हणणारी द्रौपदी मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. युरोपात रोमन इतिहासकार टॅसिटसने इसवी सन १०० च्या सुमारास हेच नोंदवून ठेवलं आहे. चात्ती नावाच्या जर्मन टोळीतला तरुण पहिला शत्रू मारेपर्यंत केस-दाढी कापत नसे, आणि रोमविरुद्ध बंड करणाऱ्या सिव्हिलिसनेही लांब वाढवलेले, लाल रंगवलेले केस विजयानंतरच कापले. केस वाढू देणारा माणूस गावात फिरतो तो आपली थकबाकी सर्वांना दाखवत. वालीच्या बाबतीत मात्र हसू आणि काटा दोन्ही एकदम येतं. एका रात्रीच्या बाळाला विंचरण्याइतके केस तरी कितीसे असणार!

सूड हीच एक वाट नव्हती, हे देवांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचा पुरावा आहे स्काडी. देवांनी तिच्या बापाला, थ्यात्सी या राक्षसाला मारलं. ती शिरस्त्राण, चिलखत, शस्त्रं अशी जय्यत तयारी करून एकटी देवांच्या दारात उभी राहिली. देवांनी लगेच तडजोड पुढे केली. आमच्यातला एक नवरा निवड, अट एकच, निवड फक्त पावलं बघून करायची. तिने सगळ्यांत देखणी पावलं बाल्डरचीच असणार म्हणून बोट दाखवलं. ती निघाली समुद्रदेव न्योर्डची. तिची दुसरी अट होती, मला हसवून दाखवा. तेव्हा लोकीने दोरीचं एक टोक बोकडाच्या दाढीला आणि दुसरं स्वतःच्या नको त्या जागी बांधलं. दोघांची ओढाताण आणि बोंबाबोंब झाली, ती हसली. वर ओडिनने तिच्या बापाचे डोळे आकाशात फेकून त्यांचे दोन तारे केले. प्रकरण मिटलं. बाहेरच्यांशी वैर असलं की देवांनाही रक्ताशिवाय भागवता येत होतं. मात्र पुढे बाल्डरच्या खुनाबद्दल लोकीला त्याच्याच मुलाच्या आतड्यांनी खडकाला बांधलं, तेव्हा त्याच्या तोंडावर विष गाळणारा साप टांगला तो स्काडीनेच. त्या मुलाची आतडी काढली ती त्याच्या भावाने, देवांनी त्याला लांडगा करून अंगावर सोडल्यावर. आणि स्नॉरीच्या मते लांडगा झालेल्या त्या भावाचं नाव, घ्या, वाली. हा दुसरा वाली म्हणजे एखाद्या जुन्या ओळीच्या चुकीच्या वाचनातून निपजलेला असावा असा संशय बऱ्याच अभ्यासकांना आहे.

आता विदार. वाली एका रात्रीत उरकतो, विदार जगाच्या अंतापर्यंत वाट बघतो. स्नॉरी त्याला अबोल देव म्हणतो, ताकदीत जवळजवळ थॉरच्या, म्हणजे सर्वांत बलवान देवाच्या, तोलाचा. त्याची आई ग्रिड ही राक्षसीण. त्याच्या घराभोवती नुसती झुडपं आणि उंच गवत. एका कवितेत घोड्यावर बसून तो आपल्या बापाचा सूड घेईन असं म्हणतो. सगळ्या साहित्यात त्याच्या तोंडचं म्हणून कळतं ते एवढंच. त्याचा आणखी एक प्रसंग मला फार आवडतो. देवांची मेजवानी चालू आहे, लोकी भांडण उकरायला आत आलाय. ओडिन म्हणतो, विदार, ऊठ, लांडग्याच्या बापाला बसू दे. विदार मुकाट्याने उठतो आणि लोकीला प्याला भरून देतो. लोकी मग एकेका देवाची अब्रू काढत सुटतो. विदारला मात्र काहीच बोलत नाही.

तो लांडगा म्हणजे फेनरिर, लोकीचा मुलगा. जगबुडीच्या दिवशी, राग्नारोकला, तो बेड्या तोडून येईल. खालचा जबडा जमिनीला, वरचा आभाळाला. तो ओडिनला गिळेल. त्याच क्षणी विदार पुढे येईल, एक पाय खालच्या जबड्यावर रोवेल, वरचा जबडा हाताने धरेल आणि तोंड उभं फाडेल. दुसऱ्या एका कवितेत तो काळजात तलवार खुपसतो. पण लोकांच्या मनात रुतला तो पाय, आणि पायातला बूट.

हा बूट कशाचा? स्नॉरी सांगतो, माणसं आपल्या बुटांसाठी कातडं बेतताना अंगठ्यापाशी आणि टाचेपाशी जे तुकडे कापून टाकतात, त्या सगळ्या तुकड्यांचा. जगाच्या आरंभापासून ते जमा होत आलेत. म्हणून ज्याला देवांना मदत करावीशी वाटते त्याने ते तुकडे फेकून द्यावेत. इंग्लंडमधल्या यॉर्कला व्हायकिंग वस्तीचं उत्खनन झालं तेव्हा चामड्याच्या कारागिरांनी टाकलेले असे तुकडे चिखलात टिकून राहिलेले सापडले. ते टाकणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात विदार होता हे दगड-मातीवरून कळत नाही. पण कल्पना किती धिटाईची आहे! देवांचा राजा मरणार, त्याचा सूड घेतला जाणार, आणि त्या सुडाची सामग्री पुरवणार घराघरांतला बूट शिवणारा. तीही टाकाऊ मालातून. (याच स्नॉरीने दुसऱ्या ठिकाणी विदारचा बूट लोखंडी म्हटला आहे. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत आणि त्याला त्यात काही अडचण वाटलेली दिसत नाही.)

स्नॉरीच्या तीनशे वर्षं आधीचा विदार बघायचा असेल तर उत्तर इंग्लंडमध्ये कंब्रिया परगण्यातल्या गॉसफर्थ गावी जावं लागतं. चर्चच्या आवारात सुमारे साडेचार मीटर उंचीचा, तांबूस वालुकाश्माचा, सडपातळ क्रूस उभा आहे, दहाव्या शतकातला. त्यावर एक माणूस कोरलाय: एका हातात भाला, दुसरा हात राक्षसी जनावराच्या वरच्या जबड्यावर, आणि पाय थेट त्याच्या तोंडात. त्याच दगडावर बांधलेला लोकी आहे, त्याच्या तोंडावर भांडं धरणारी त्याची बायको सिगिन आहे, आणि क्रुसावरचा ख्रिस्तही आहे. वैऱ्याला क्षमा करा म्हणणारा धर्म तिथे वसलेल्या नॉर्स लोकांत नुकता आलेला, आणि सूड घेणारा देव अजून गेलेला नाही. कोरणाऱ्याने दोघांना एकाच दगडावर जागा दिली.

हे सगळं जपून ठेवणाऱ्या स्नॉरीचा शेवटही त्याच जगात झाला. २३ सप्टेंबर १२४१ च्या रात्री रेकहोल्ट इथल्या त्याच्या वाड्यावर गिझुर थोरवाल्डसन माणसं घेऊन चालून आला आणि तळघरात लपलेला स्नॉरी तिथेच मारला गेला. गिझुर एकेकाळचा त्याचा जावई. हल्ल्यात सामील होता क्लेंग, स्नॉरीच्या दुसऱ्या बायकोचा पहिल्या नवऱ्यापासून झालेला मुलगा. त्याच हिवाळ्यात स्नॉरीचा मुलगा ओरेक्या याने बापाचा सूड घेतला, तो क्लेंगला मारून. सावत्र भावाने सावत्र भावाला.

जगबुडीनंतरचं वर्णन स्नॉरीने करून ठेवलं आहे. समुद्रातून हिरवी जमीन पुन्हा वर येते. जुन्या देवनगरीच्या जागी वाली आणि विदार राहायला येतात; त्यांना आगीने किंवा पाण्याने काही केलेलं नसतं. थॉरचे दोन मुलगे बापाचा हातोडा घेऊन येतात. मग मृतांच्या मुलखातून बाल्डर येतो आणि त्याच्याबरोबर होड. सगळे एकत्र बसतात, जुन्या गोष्टी काढतात, लांडग्याबद्दल, महासर्पाबद्दल बोलतात. गवतात त्यांना देवांच्या सोन्याच्या सोंगट्या सापडतात. म्हणजे एकाच बैठकीत बाल्डर आहे, त्याला मारणारा होड आहे आणि होडला मारणारा वाली आहे. इथे होडला वाली काय म्हणाला, किंवा होडने त्याला काय विचारलं, यावर स्नॉरीने एक शब्द खर्च केलेला नाही. बाल्डर आणि वाली तर एकाच बापाचे मुलगे असून एकमेकांना पहिल्यांदाच बघतायत. ओळख कोणी करून दिली असेल?